मामांचा युरिन पॉट: सहा महिने वापरून झाल्यावर लिहितेय

युरिन पॉट, म्हणजे रात्री कॉटवरच लघवी करायचं भांडं, घ्यायच्या आधी मी तीन दिवस मोबाईलवर शोधत होते, कुठला घ्यावा, झाकणाचा की बिनझाकणाचा, स्टीलचा की प्लास्टिकचा, आणि मराठीत नीट सांगणारं काहीच सापडलं नाही. जे होतं ते सगळं चार ओळीत, मस्त प्रॉडक्ट, पैसा वसूल, असं. म्हणून आता सहा महिने रोज वापरून झाल्यावर सविस्तर लिहितेय. ज्यांच्या घरात सत्तरीचे वडील किंवा सासरे आहेत आणि रात्री चार-चारदा उठतात त्यांनी जरूर वाचा, कारण हा पॉट आम्ही आणला होता मामा रात्री पडू नयेत म्हणून आणि त्याचा खरा उपयोग झाला तो वेगळाच झाला.

मामा म्हणजे माझे सासरे, वय ७४, आयुष्यभर बसवर ड्रायव्हर. आमचं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, जुनं, संडास-बाथरूम मागं परड्यात आणि तिथं जायला तीन दगडी पायऱ्या. दिवसा काही वाटत नाही पण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्री दोनला त्या पायऱ्या उतरायच्या म्हणजे तरुण माणसालाही नको वाटतं. मला झोप सावध आहे, मामांच्या खोलीतल्या लाईटचं बटण टक् वाजलं की मला जाग यायची. बारा, सव्वा एक, अडीच, चार. मी कधी बोलले नाही कारण सुनेनं सासऱ्यांना लघवीबद्दल कसं विचारायचं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणायचे वय झालंय, म्हातारपणी होतंच. आत्तींना, म्हणजे सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं दोन वर्सं झाली की, मलाच झोप न्हाई."

दोन वर्षं! आणि आम्हाला एका घरात राहून पत्ता नाही. नंतर हळूहळू एकेक गोष्ट जुळायला लागली. मामा संध्याकाळी रंकाळा तलावावर फिरायला जायचे ते बंद झालेलं, पाय दुखतात म्हणायचे. लग्नाला गेले तर आधी मुतारी कुठं आहे बघून ठेवायचे आणि लांबच्या गावाला नाहीच म्हणायचे. जोतिबाच्या चैत्र यात्रेला कधी चुकवलं नाही ते दोन वर्षं घरात बसले. आणि पाणी प्यायचं कमी केलेलं, दुपारनंतर जवळजवळ बंदच, म्हणजे लघवी कमी होईल. त्यानं झालं उलटं, लघवीला जळजळ आणि पोट साफ होईना, आणि पोट साफ नसलं की लघवीचा त्रास अजून वाढतो हे आम्हाला मागाहून कळलं.

मग जानेवारीत एका रात्री धडाम आवाज आला. मामा शेवटच्या पायरीवरून घसरले होते, हात टेकवला म्हणून डोकं वाचलं, मनगट सुजलं, हाड मोडलं नव्हतं एवढं नशीब. त्या रात्री परड्यात लाईट लावून मामा पायरीवर बसलेले, धोतर भिजलेलं आणि ते माझ्याकडं बघत नव्हते. मी काही न बोलता टॉवेल आणून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑनलाईन पॉट मागवला.

आता तो पहिला पॉट. नाव लिहीत नाही, फोटो छान होता, रेटिंग चांगलं होतं. आला तेव्हा प्लास्टिक इतकं पातळ की हातात धरून भरला तर दबतो. तोंड अरुंद. झाकण नुसतं वर ठेवायचं, बसतच नाही, त्यामुळं कॉटखाली ठेवताना हिंदकळलं की सांडतं. आणि एमएलचे आकडे स्टिकरवर छापलेले, तिसऱ्या दिवशी धुतल्यावर निम्मं स्टिकर निघून आलं. मामांनी दोन रात्री वापरला, गादीवर सांडलं, आणि तिसऱ्या दिवशी पॉट परड्यातल्या कोनाड्यात उलटा ठेवलेला दिसला. परत पायऱ्या सुरू. मला इतकं वाईट वाटलं, कारण एकदा त्या माणसानं मनाची तयारी केलेली, ती अशी फुकट गेली.

दुसरा पॉट मी स्वतः जाऊन आणला. सीपीआर म्हणजे इथल्या सरकारी हॉस्पिटलच्या आसपास सर्जिकल सामानाची दुकानं आहेत, वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड सगळं मिळतं. दुकानाचं नाव सांगायची गरज नाही कारण असा पॉट तिथं बऱ्याच ठिकाणी मिळतो, मला १२० ला पडला. पण त्या दुकानदार काकांचं कौतुक करायलाच पाहिजे. मी बाई माणूस, एकटी, काय मागायचं तेच तोंडातून निघेना, तर त्यांनीच विचारलं, "पेशंट पुरुष हाय का बाई? उठून बसतात का झोपूनच?" एवढ्या साध्या आवाजात की जसं काही मी साखर मागायला आलेय. आणि हा प्रश्न महत्त्वाचा आहे बरं का. जे झोपूनच असतात त्यांच्यासाठी मान जास्त वाकडी आणि बूड सपाट असलेला पॉट लागतो, नाहीतर उलटं अंगावर येतं. बसू शकतात त्यांना साधा चालतो, फक्त तोंड रुंद पाहिजे आणि धरायला मूठ पाहिजे.

मी घेतलेला आहे तो जाड, दुधी रंगाच्या प्लास्टिकचा, १००० एमएलचा, मूठ आहे, झाकण पट्टीनं पॉटलाच जोडलेलं आहे म्हणजे अंधारात शोधायला लागत नाही, आणि आकडे प्लास्टिकमध्येच उठावाचे आहेत, धुऊन जाणार नाहीत. स्टीलचा पण दाखवला, तो टिकाऊ आहे पण आत किती आहे दिसत नाही आणि रात्री फरशीला लागला की अख्खं घर जागं होतं. प्लास्टिकच घ्या.

आकड्यांबद्दल थोडं जास्त लिहिते. काकांनी मला दुकानातच ५० एमएलची सिरिंज दिली, म्हणाले घरी जाऊन माप तपासून बघा, ह्या पॉटांचे आकडे खालच्या बाजूला गंडतात. मी घरी येऊन अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली दोन्ही पॉटात ओतली. ऑनलाईनवाल्यात पाणी ५६० च्या रेघेवर गेलं, ह्यात बरोबर ५०० ला टेकलं. पण खाली पहिली रेघ थेट १०० ची आहे, त्याच्या आत काहीच नाही. मग सिरिंजनं मोजून मोजून पाणी घालून मी परमनंट मार्करनं बाहेरून ५०, ७०, ९० अशा रेघा काढल्या. तेव्हा मला वाटलं होतं मी उगाच जास्त करतेय. पण पुढं त्याच रेघांनी काम केलं.

मामांना परत कसं तयार केलं ते आत्तींचं काम. त्यांनी जुन्या इरकलीची एक पिशवी शिवली, पॉट त्यात ठेवून कॉटच्या पायथ्याला हुकाला अडकवला, म्हणजे कुणी पाहुणं खोलीत आलं तरी दिसत नाही. आणि मामांची एक अट होती, "सकाळी माझा मी ओतणार, पोरीनं हात लावायचा न्हाई." आम्ही ती आजपर्यंत पाळली आहे. पॉट कुणाच्या घरात चालेल का नाही ते ह्यावरच ठरतं असं मला वाटतं, प्लास्टिक बिस्टिक नंतर.

दवाखान्यात आम्ही गेलो ते मनगट दाखवायला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि राजारामपुरीतल्या युरोलॉजिस्टकडं, म्हणजे लघवीच्या आजारांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तिथं गेल्यावर पहिली गोष्ट काय झाली तर गोळी नाही, सोनोग्राफी नाही, एक कोरा तक्ता हातात दिला. तीन दिवस, चोवीस तास, किती वाजता लघवी झाली आणि किती एमएल झाली, आणि पाणी-चहा किती घेतला, सगळं लिहून आणा. डॉक्टर म्हणाले मोजायला काहीतरी भांडं बघा. मी म्हटलं आहे आमच्याकडं, रेघा मारलेला. ते हसले आणि म्हणाले मग निम्मं काम झालं.

तीन दिवस मामांनी स्वतः लिहिलं, ड्रायव्हर माणूस, लॉगशीट भरायची सवय, एक नोंद चुकवली नाही. रात्रीचे आकडे असे होते: ८०, ७०, ९०, ६०, ८० आणि सकाळी उठल्यावर १००. म्हणजे पाच वेळा उठायचं आणि प्रत्येक वेळी चहाच्या कपाएवढं पण नाही. सकाळची पहिली लघवी रात्रीच्याच हिशोबात धरायची असते, कारण ती रात्रीच साठलेली असते, हे बऱ्याच जणांचं चुकतं. तर रात्रीची बेरीज ४८० आणि चोवीस तासांची १६००.

डॉक्टरांनी त्या कागदावर बोट ठेवून आम्हाला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. म्हाताऱ्या माणसात चोवीस तासांच्या लघवीपैकी एक तृतीयांशाच्या वर रात्री होत असेल तर समजायचं की शरीर रात्री लघवी जास्त तयार करतंय. मामांचं तेवढं नव्हतं. लघवी बनत होती ठीकच पण प्रत्येक वेळी थोडीशीच बाहेर येत होती. म्हणजे एक तर लघवीची पिशवी (मूत्राशय) थोडी भरली तरी घाई करते, नाहीतर पिशवी पूर्ण रिकामीच होत नाही आणि उरलेल्यावर परत भरत जाते. आमच्या घरावर पाण्याची टाकी आहे ना, ती अर्धी भरलेलीच असली तर मोटर चालू केल्या केल्या वाहायला लागते, तसं. मग सोनोग्राफी केली, त्यात लघवी करून आल्यावर परत बघतात किती शिल्लक राहिलं. मामांच्या पिशवीत १४० एमएल शिल्लक. आणि प्रोस्टेट ५२ ग्रॅम. तरुणपणी ही पुरुषांतली ग्रंथी (गाठ) अक्रोडाएवढी, २० ग्रॅमच्या आसपास असते, पिशवीच्या तोंडाशी मूत्रनळीभोवती बांगडीसारखी, चाळिशीनंतर हळूहळू वाढत जाते आणि नळी आतल्या आत आवळते. साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांत ती वाढलेली सापडते.

मामांच्या मनात होतं की एवढी वर्षं इंजिनच्या गरम सीटवर बसून आणि लघवी दाबून धरून हे झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, त्यानं नाही झालं, वय आणि पुरुषी हार्मोन ह्यामुळं होतं, कारकुनाला पण होतं आणि मास्तरला पण. दुसरं जे मामा बोलत नव्हते पण आम्हा सगळ्यांच्या पोटात होतं ते ह्यांनी विचारलं, कॅन्सर तर नाही ना. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढं कॅन्सर होत नाही, पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतात म्हणून तपासणी वेगळी करायची. बोटानं तपासलं आणि रक्ताची पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची तपासणी केली, ती ३.१ आली. पीएसए थोडी जास्त आली म्हणून लगेच रडारड करू नका, लघवीला इन्फेक्शन असलं किंवा नळी घातलेली असली तरी ती वाढते, डॉक्टर परत करायला सांगतात.

धारेचा वेग मोजायची टेस्ट असते, युरोफ्लो म्हणतात, नरसाळ्यासारखं मशीन असतं, त्यात एकट्यानं उभं राहून लघवी करायची, कुणी बघत नसतं. पहिल्यांदा मामांना ८५ एमएलच झाली आणि ती धरली नाही, कारण कमीत कमी १५० तरी व्हायला लागते तरच वेग खरा समजतो. परत पाणी पिऊन दीड तास बसलो. पैसे तेवढेच पण दुपार गेली. तुम्ही जाणार असाल तर घरूनच पाणी पिऊन, चांगली लागल्यावरच जा. दुसऱ्यांदा वेग आला सेकंदाला ८ एमएल. १५ च्या वर असला तर बरं, १० च्या खाली म्हणजे अडथळा असण्याची शक्यता जास्त.

एक फॉर्म पण भरून घेतात, सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क. धार बारीक आहे का, थांबून थांबून होते का, जोर करायला लागतो का, झाल्यावर पण राहिल्यासारखं वाटतं का, असं. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढं जास्त. मामांचे २१. मग शेवटी एक वेगळा प्रश्न आहे, उरलेलं आयुष्य लघवीचा त्रास असाच राहिला तर तुम्हाला कसं वाटेल. असिस्टंट मुलीनं वाचून दाखवला. मामा किती तरी वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रंकाळ्याला जायाचं सोडलंय मी." तिनं फॉर्मवर काय टिक केलं मला माहीत नाही. मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

औषध सुरू झालं टॅमसुलोसिन ०.४ एमजी, रात्री जेवणानंतर. ही गोळी गाठ लहान करत नाही, पिशवीच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटचे स्नायू सैल सोडते, त्यामुळं वाट मोकळी होते, फरक काही दिवसांतच दिसायला लागतो. मामांची बीपीची गोळी आधीच चालू होती, आणि ह्या गोळीनं उठल्यावर चक्कर येऊ शकते म्हणून पहिले आठ-दहा दिवस डॉक्टरांनी रात्री परड्यात जायला सक्त मनाई केली. इथं पॉटनं पुन्हा लाज राखली. कॉटच्या काठावर पाय खाली सोडून एक मिनिट बसायचं, मग बसूनच पॉट घ्यायचा. झाल्यावर लगेच ठेवायचा नाही, मिनिटभर थांबून परत एकदा प्रयत्न करायचा, दुसऱ्या वेळी अजून तीस-चाळीस एमएल येते. हे आम्ही रेघांवर बघितलेलं आहे, खरंच येते.

गाठ मोठी असल्यामुळं जोडीला ड्युटास्टेराइडची कॅप्सूल दिली. ती गाठ आक्रसवते पण सावकाश, सहा महिने धरून चला, दोन आठवड्यांत काही झालं नाही म्हणून सोडू नका. ह्या कॅप्सूलनं पीएसए साधारण सहा महिन्यांत निम्मी होते, त्यामुळं पुढं कधीही तो रिपोर्ट दाखवताना ही गोळी चालू आहे हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर खरा आकडा झाकला जातो. आणि घरात कुणाला दिवस गेले असतील तर तिनं फुटलेल्या कॅप्सूलला हात लावायचा नाही, ते औषध कातडीतून आत जातं आणि पोटातल्या मुलग्याला त्रास होऊ शकतो. माझी धाकटी जाऊ तेव्हा चौथ्या महिन्यात होती, आम्ही मामांचा डबा उचलून त्यांच्याच कपाटात ठेवला. पुरुषांच्या खाजगी बाबतीत पण दोन्ही औषधांनी फरक पडू शकतो, ते डॉक्टरांनी मामांना आणि ह्यांना आत बोलावून सांगितलं. विचारायला संकोच करू नका, ते रोज तेच बघतात.

अजून एक, जे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिन चालू आहे हे आधी सांगा. त्या गोळीनं ऑपरेशनच्या वेळी बुबुळाचा पडदा ढिला पडतो, बाहुली नीट मोठी राहत नाही. आधी माहीत असलं की ते तयारीनं करतात. मनानं आदल्या दिवशी गोळी बंद करून फायदा नाही. मामांचं ऑगस्टमध्ये आहे, फाईलवर लाल पेननं लिहून ठेवलंय.

एक महिन्यानं परत तक्ता भरला. रात्री दोनदा, १७० आणि १८०, सकाळी २००, चोवीस तासांची बेरीज १९०० कारण आता मामा दिवसा पाणी नीट पितात, फक्त संध्याकाळी सातनंतर कमी करतात आणि जेवणानंतरचा चहा सोडलाय. तो कागद घेऊन मामा स्वतः माझ्याकडं आले आणि म्हणाले, "बघ पोरी, १८०." मार्क मिळाल्यागत. तीन महिन्यांनी फॉर्मवर २१ चे ९ झाले आणि पिशवीत शिल्लक ४५. चैत्रात जोतिबाला गेले, गुलालानं माखून आले. धाकट्या भावजींनी मोबाईलवर फोटो पाठवला तर आत्ती कितीतरी वेळ तो बघत बसलेल्या.

आता शेजारच्या दादांचं सांगायलाच पाहिजे, कारण नुसतं आमचं वाचून कुणी मेडिकलमधून मामांची गोळी आणू नये. दादा ६८ चे, ते पण रात्री तीनदा उठायचे, आमचं ऐकून म्हणाले मला पण तीच चिठ्ठी द्या. मी म्हटलं आधी तसलाच पॉट आणा आणि तीन दिवस मोजा. त्यांचे रात्रीचे आकडे आले ३००, ३५०, ३०० आणि सकाळी ३००. म्हणजे १२५०, आणि चोवीस तासांचे २३००. निम्म्याहून जास्त लघवी रात्रीच! धार चांगली, शिल्लक काही नाही. त्यांच्या पायांना संध्याकाळी सूज यायची, ते पाणी दिवसभर पायात साठायचं आणि आडवं झालं की परत रक्तात येऊन लघवीवाटे निघायचं. वर त्यांची लघवी वाढवणारी बीपीची गोळी ते रात्री घेत होते. डॉक्टरांनी साखर, हृदय सगळं तपासून घेतलं, गोळीची वेळ सकाळी केली, संध्याकाळी पाय वर करून पडायला सांगितलं. आता एकदा उठतात. बाहेरून बघितलं तर दोघांचा त्रास सारखाच, रात्री उठणं. एका पॉटच्या रेघांनी दोघांच्या वाटा वेगळ्या केल्या. आमच्या गल्लीत आता चार घरांत हा पॉट आहे आणि मी त्या चारही घरांत मार्कर घेऊन गेलेय.

जिथं पॉटचा काही उपयोग नाही ते पण लिहिते. आमचे चुलत सासरे तात्या, गडहिंग्लजला असतात. गेल्या पावसाळ्यात सर्दी झाली म्हणून कुणीतरी दिलेली सर्दीची गोळी दोन दिवस घेतली, वर लग्नासाठी चार तास गाडीत लघवी दाबून बसले. उतरले तर लघवी होईना. थेंब नाही. घरच्यांनी गरम पाण्यानं शेकलं, जिऱ्याचं पाणी दिलं, नारळपाणी दिलं, म्हणजे तुंबलेल्या पिशवीत अजून भर. रात्री दवाखान्यात नेलं तेव्हा ओटीपोट दगडासारखं, नळी घातल्यावर ८०० एमएल निघाली. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं आणि झोप आणणारं औषध असतं, त्यानं पिशवीचं तोंड आवळतं किंवा पिशवीचा जोर कमी होतो, प्रोस्टेटवाल्यांनी त्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. आणि लघवी लागलीय, पोट दुखतंय पण होत नाही अशी वेळ आली तर पॉट घेऊन बसू नका, घरचे उपाय करू नका, जवळच्या दवाखान्यात जा, रात्रीचे दोन असले तरी. लघवीतून रक्त आलं किंवा थंडी वाजून ताप आला तरी तसंच.

तात्यांची नळी काढून बघितली पण परत तुंबली, मग दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. कंबरेखाली भूल, पोटावर टाका नाही, लघवीच्या वाटेनंच आत जाऊन गाठ खरवडून काढतात. नंतर नळीतून सलाईन सोडून धुत राहतात, लघवी गुलाबी दिसते, घाबरायचं नाही. घरी आल्यावर काही आठवडे जड उचलायचं नाही, मोटरसायकल नाही, पोट साफ राहायला इसबगोल. तात्यांनी बाराव्या दिवशी वैरणीचा भारा उचलला आणि लघवी परत लाल झाली, फोनवर डॉक्टरांची बोलणी खाल्ली, भरपूर पाणी आणि विश्रांतीवर थांबली.

जाहिरातीतल्या चूर्णांचं पण विचारतात लोक. मामांच्या एका मित्रानं 'गाठ विरघळवणारी' पावडर महिन्याला दोन हजारांची वर्षभर घेतली. आम्ही डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, सॉ पाल्मेटो नावाच्या झाडाचा अर्क जगभर प्रोस्टेटसाठी विकतात, त्याची अमेरिकेत मोठ्या अभ्यासांत नीट तुलना झाली आणि तो औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. भोपळ्याच्या बिया आवडत असतील तर खा, त्यांच्या भरवशावर तपासणी लांबवू नका. त्या मित्रांच्या पिशवीत किती शिल्लक राहतंय हे वर्षभर कुणी बघितलंच नव्हतं, मला त्याचा जास्त राग आला.

पॉटची निगा. सकाळी ओतल्यावर आधी साध्या पाण्यानं विसळायचा, मग साबणाच्या पाण्यानं ब्रश फिरवून परड्यात उन्हात उलटा. उकळतं पाणी घालू नका, माझ्याकडून एकदा घातलं गेलं आणि झाकणाची पट्टी वाकडी झाली. दोन-तीन आठवड्यांत आत पांढरट-पिवळा थर धरतो आणि तोच वास मारतो, आठवड्यातून एकदा व्हिनेगर आणि पाणी घालून तासभर ठेवलं की थर सुटतो. रात्री वास येऊ नये म्हणून काही जण आधीच तळाशी पाणी किंवा फिनेल घालतात, पण मोजायचं असेल त्या दिवशी काहीच घालायचं नाही, नाहीतर सगळे आकडे खोटे. एकाचा पॉट दुसऱ्यानं वापरायचा नाही. साधारण वर्षात बदलून टाका, आमचा आतून थोडा खरबरीत झालाय, दिवाळीला नवीन आणणार.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो झाकणाच्या पट्टीसाठी आणि खाली ५० ची रेघ नाही म्हणून, ज्या वस्तूवर डॉक्टर एवढं काही ठरवतात तिच्यावर कंपनीनं खालचे आकडे द्यायला काय हरकत आहे. दुकानदार काकांना पाच. जाताना दुपारी जाऊ नका, दीड ते चार शटर बंद असतं, आणि सिरिंज मागून घ्या, ती ते स्वतःहून सगळ्यांना देत नाहीत.